रानगव्हाची बदनामी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे आणि रागावून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

परवा आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुण्याच्या भाच्याने एक ढकलपत्र टाकले. (ई-मेलच्या काळात आपण त्यांना ढकलपत्रे म्हणायचो, आठवते ना? ई-मेल मागे पडले, ढकलणे तसेच राहिले.) मजकूर असा, की शास्त्रज्ञ आता गव्हात जंगली गवताचे जीन घुसवत आहेत, पीठ चांगले करण्याच्या नावाखाली आपल्या पोळीत गवत मिसळत आहेत, म्हणून सावध व्हा आणि आजोबांच्या खपलीकडे परत चला. खाली खपलीचे पीठ घरपोच मागवण्याचा फोन नंबर. नऊ नातेवाइकांनी हात जोडले, दोघांनी अंगठा दाखवला. मी तिथे काही बोलले नाही. अंगठ्याएवढ्या जागेत माझे उत्तर मावणारे नव्हते.

राग का आला ते सांगते. आमच्या गल्लीत एक बाई आहे, दर दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते. तिच्या दोन मुली माझ्या हाताखाली शिकल्या. रेशनला लोहमिश्रित तांदूळ येऊ लागला तेव्हाची गोष्ट. शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून तयार केलेला, जरा वेगळ्या रंगाचा. कोणीतरी पसरवले की तो प्लास्टिकचा तांदूळ आहे. झाले! ही बाई ओट्यावर बसून खडे वेचावेत तसे ते दाणे वेचून उकिरड्यावर टाकायची. तिचे डोळे पांढरे, नखे पांढरी, जिना चढली की दम लागतो. मी दोनदा समजावले. ती म्हणाली, "बाई, समदे म्हणतेत ते काय खोटं असंल?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे वाढला. पुण्यात बसून गव्हाबद्दल असेच काहीतरी ढकलणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण ते ढकललेले शेवटी याच ओट्यावर येऊन पडते.

आता मूळ मुद्दा. गवताचे जनुक गव्हात आहे का? आहे. पण ते कालपरवा कोणी घुसवले नाही. आपण पोळीला वापरतो तो गहू मुळात तीन गवतांचा मिळून झालेला आहे. आधी दोन रानगवतांचा संकर होऊन चार संचांचा, २८ गुणसूत्रांचा गहू झाला. खपली त्याच घरातली, बन्सीही त्याच घरातली. मग साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या आसपास कोणाच्या तरी शेतात, या २८ गुणसूत्रांच्या गव्हावर बांधावरच्या आणखी एका गवताचे पराग पडले. एजिलॉप्स त्याचे नाव, इंग्रजीत त्याला शेळीचे गवत म्हणतात. त्यातून ४२ गुणसूत्रांचा गहू जन्मला. तोच आजचा पोळीचा आणि पावाचाही गहू. तेव्हा तिथे प्रयोगशाळा नव्हती आणि कंपनीही नव्हती.

गंमत पुढे आहे. कणीक मळली की ती ताणली जाते, तुटत नाही, हा जो गुण आहे त्यातला मोठा वाटा या शेळीच्या गवताचा. कणकेचा गोळा वाटीभर पाण्यात धरून धुवत राहा. पीठ निघून जाते आणि हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो. तो ग्लूटेन. (सातवीच्या मुलांना मी हे करून दाखवायचे. पोरे तो गोळा भिंतीवर मारून पाहायची.) त्या गोळ्याला जी ताकद असते तिची मोठी सूत्रे शेळीच्या गवताकडून आलेल्या गुणसूत्रांवर आहेत. खपलीत ती गुणसूत्रे नाहीत, म्हणून खपलीची पोळी लाटताना कडा फाटतात आणि पुरण भरताना जीव जातो. शेवयांना, लापशीला, खिरीला ती उत्तम. तिची चव मलाही आवडते. पण "गवताचा अंश नसलेला गहू" शोधत जो खपलीकडे निघाला आहे त्याने हे ध्यानात घ्यावे, की खपली हीसुद्धा दोन गवतांचीच लेक आहे. आणि एक गोष्ट तर तातडीने सांगायला हवी. खपलीत ग्लूटेन असते. ज्यांना डॉक्टरांनी सीलिॲक म्हणून गहू बंद केला आहे त्यांनी खपली खाऊ नये. ढकलपत्रात नेमके उलटे लिहिले आहे.

खपलीचा अभिमान असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगते. आपली खपली परदेशी गेली आहे, तिच्याच 'खपली' या नावाने. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस नावाच्या शास्त्रज्ञाने तिथल्या पावाच्या गव्हाशी तिचा संकर केला आणि त्या वाणाचे नाव ठेवले 'खपस्टाइन'. का केला? खोडावरच्या तांबेऱ्याला खपली दाद देत नाही म्हणून. तांबेऱ्याविरुद्धची जी जनुके जगभर क्रमांकाने ओळखतात त्यातली एक-दोन आपल्या या खपलीतून गेलेली आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या पोळीत आपल्या गव्हाचे जनुक चालते, त्याचे कौतुकही होते, आणि आपल्या पोळीत दुसरे आले की ते विष! हा कुठला न्याय?

आता या कामाची पद्धत. आपल्याकडे बीटी कापूस २००२ साली आला. त्यात जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातले होते. तो विषय वेगळा, त्यावर भांडायचे तर वेगळे भांडू. भारतात जनुकांतरित गव्हाची लागवड होत नाही. रानगव्हाचे जनुक आणतात ते संकराने. गव्हाच्या फुलात तीन परागकोश असतात. ते फूल उमलायच्या आत चिमट्याने काढायचे, कणीस कागदी पिशवीत बांधायचे, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याचे पराग त्यावर झटकायचे. जे रोप येईल ते निम्मे रानटी, निम्मे आपले. त्याचा पुन्हा आपल्या गव्हाशी संकर, पुन्हा, पुन्हा. सहा पिढ्या असे केले की रानातले जेमतेम एखादा टक्का उरते आणि बाकी सगळे आपले. हवे ते जनुक त्यात राहिले की नाही हे पूर्वी पीक आल्यावरच कळायचे. आता रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून कळते. एवढाच काय तो फरक.

हे करून पिठात काय बदलते, त्याचे एकच उदाहरण देते, कारण ते मला फार आवडले. १९०६ साली आरोन आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला गॅलिलीत, आताच्या इस्राएलमध्ये, रानटी एमर गहू सापडला. खपलीचा हा रानातला पूर्वज. असल्या रानगव्हात एक जनुक मिळाले. ते झाडाला सांगते, की आता पाने पिवळी पाड आणि पानांत साठवलेले नत्र, लोह, जस्त दाण्याकडे पाठव. आपल्या शेतातल्या बहुतेक गव्हांमध्ये हे जनुक बिघडलेले आहे. पाने जास्त दिवस हिरवी राहतात, दिसायला छान, पण पानातले बरेचसे काडातच राहून जाते. २००६ साली हे जनुक नेमके कोणते ते शोधून काढले गेले. ते परत आणले की दाण्यातली प्रथिने सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे १०० ग्रॅम गव्हात १२ ग्रॅम असतील तिथे साडेतेराच्या आसपास. बरोबर लोह आणि जस्तही वाढते. आपल्या देशात मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठाने ते भारतीय वाणांत उतरवून पाहिले आहे. पुण्यात आघारकर संस्थेत आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गव्हाच्या प्रथिनांवर, पिठाच्या प्रतीवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. हे पत्र ढकलणारा भाचा ज्या शहरात राहतो त्याच शहरात! कधीतरी जाऊन विचारायचे होते.

यात नवे काही मिसळलेले नाही हे लक्षात घ्या. जे गव्हाचे होते आणि वाटेत हरवले, तेच परत आणले. आणि तांदळात दाणे मिसळावे लागतात, कारखाना लागतो, दरवर्षी खर्च लागतो. जनुक एकदा बियाण्यात आले की आले. गहू स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे सरळ वाणाचे बी शेतकरी घरचे ठेवू शकतो. कापसाच्या पाकिटासारखे दर पावसाळ्यात दुकानाच्या दारात उभे राहायला नको. ऊसतोडीच्या बाईच्या डब्यात लोह पोचवायची याहून स्वस्त वाट मला तरी दिसत नाही. दाण्यातले सगळेच लोह अंगी लागत नाही हे खरे, बरेचसे कोंड्यात असते आणि कोंड्यातलीच काही द्रव्ये त्याला अडवतात. पण म्हणून जे थोडे अंगी लागेल तेही नाकारायचे का?

इथवर भाच्याशी भांडले. आता दुसऱ्या बाजूशीही भांडायचे आहे, कारण ढकलपत्रांना लोक उगाच भुलत नाहीत.

माझ्या लहानपणी आमच्याकडे गहू सणासुदीचाच. रोजची भाकर ज्वारीची. १९६६ साली सरकारने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आणले, लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४. देशाची भूक भागली ती त्यातून, हे कोणी नाकारू नये. पण तो गहू लाल. पोळी तांबूस व्हायची आणि बायका नाक मुरडायच्या. शास्त्रज्ञांनी मग दिल्लीत सोनोरावर किरणांचा मारा करून त्याचा दाणा पिवळसर करून घेतला, 'शरबती सोनोरा'. कल्याणसोना, सोनालिका आले तेही पिवळ्या दाण्याचे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या बायकांचे म्हणणे त्या वेळी ऐकले गेले, निदान रंगापुरते.

पुढे ते तेवढेही ऐकले गेले नाही. राय नावाचे गव्हाचे एक चुलत धान्य आहे. त्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला गेला, कारण त्यावर तांबेऱ्याविरुद्धची जनुके एका ओळीत बसलेली होती. १९९५ साली आलेला आणि पंजाब-हरियाणात लाखो एकरांवर पसरलेला पीबीडब्ल्यू ३४३ त्याच तुकड्याचा. उत्पन्न भरघोस. पण त्या तुकड्याबरोबर रायची प्रथिने आली आणि गव्हाची काही गेली, त्यामुळे पीठ चिकट झाले, ताण कमी झाला. आणि ज्या तांबेऱ्यासाठी हे केले त्याचा नवा प्रकार १९९८ साली युगांडात निघाला, त्याने तेच कवच मोडले. तेव्हा भाचा जेव्हा म्हणतो की पूर्वीच्या पोळीची सर आताच्या पोळीला नाही, तेव्हा तो अगदीच खोटे बोलत नाही. बाहेरचे जनुक आणताना पोत्याचे वजन बघितले आणि परातीतली कणीक बघितली नाही, तर असे होते. त्यावर उपाय कणीक बघून जनुक निवडण्याचा आहे. तो सोडून रानगव्हालाच शिव्या देण्यात काय अर्थ?

आणि कणीक बघायची तर कोणाची? पीठ चांगले म्हणजे काय, हे जगात पाव करणाऱ्यांनी ठरवले आहे. पाव किती फुगतो त्यावर गुण. त्याला कडक ग्लूटेन लागते. तेच पोळीला फार झाले की पोळी वातड होते, लाटली की आक्रसते, गार झाली की चामडे. पोळीला मध्यम ताकद पुरते, मऊपणा लागतो, सकाळची पोळी उसाच्या फडात दुपारी दोनला तुटली पाहिजे. मांड्यांना तर आणखी वेगळी कणीक, हातावर फिरवून रुमालासारखी पसरवायची आणि तुटू द्यायची नाही. पुरणपोळीची वेगळी. आपल्याकडे पोळीचेही गुण मोजतात, नाही असे नाही. आघारकर संस्थेच्या एमएसीएस ६४७८ या वाणाची माहिती २०२० साली आली तेव्हा त्यात १४ टक्के प्रथिने, जस्त दहा लाखांत ४४ भाग, लोह जवळजवळ ४३ भाग आणि पोळीला ८.०५ गुण असे लिहिले होते. वाचून बरे वाटले. पण रानगव्हातून काय काय आणायचे याची यादी जेव्हा होते, तेव्हा तिच्यात पोळी वरच्या ओळीत हवी, असे माझे म्हणणे आहे. देशातला बहुतेक गहू पोळीतच जातो.

आता सगळ्यात मोठी तक्रार. आमच्या धाकट्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यावर पुण्याकडचाच एक जास्त प्रथिनांचा बन्सी जातीचा गहू दीड एकर केला. दाणा टपोरा, काचेसारखा. आडतीवर नेला. आडत्याने मूठभर हातात घेऊन वर-खाली केला, दोन दाणे दाताखाली फोडले आणि बाकीच्या गव्हाचाच भाव लावला. दीर म्हणाले, "अहो, यात प्रथिनं जास्त आहेत." तो म्हणाला, "काका, प्रथिनं काट्यावर दिसत नाहीत." दीर घरी येऊन माझ्यावरच चिडले, "वहिनी, तुमच्या नादानं हे केलं." मी गप्प बसले. काय बोलणार?

आणि हे आडत्यापुरते नाही. सरकार हमीभावाने घेते तेव्हाही ओल किती, माती-खडे किती, फुटका-सुरकुतलेला दाणा किती हे पाहते. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला २,४२५ रुपये हमीभाव होता, तो ९ टक्के प्रथिनांच्या गव्हालाही तेवढाच आणि १४ टक्क्यांच्या गव्हालाही तेवढाच. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर म्हातारी चार लिटर दूध घेऊन जाते, तर तिथे यंत्रावर फॅट आणि एसएनएफ बघितल्याशिवाय भाव लागत नाही. चार लिटर दुधाचे फॅट मोजणाऱ्या देशाला ट्रकभर गव्हाची प्रथिने मोजता येत नाहीत? दाण्याची प्रथिने मिनिटभरात सांगणारी यंत्रे आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलियात प्रथिनांवर भाव ठरतो. आपल्याकडे भाव वजनावर, म्हणून शेतकरी वजन पिकवतो. त्यात त्याची काय चूक? उलट या रानगव्हाच्या जनुकाने आपल्याकडच्या उन्हात पाने लवकर वाळली आणि दाणा जरा हलका भरला, तर तोटा शेतकऱ्याचा आणि पोषण दुसऱ्याच्या ताटात. असा धंदा कोण करील?

चौसाळ्याच्या रेशनला येणारा गहू चौसाळ्यात पिकत नाही. आपली जमीन ज्वारीची. रेशनचा गहू पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशातून येतो. म्हणजे तिकडचा शेतकरी काय पेरतो यावर आमच्या गल्लीतल्या बाईचे रक्त ठरते. २०१७ साली तिकडच्या भागासाठी जास्त जस्ताचे दोन वाण दिले गेले, पीबीडब्ल्यू १ झिंक आणि डब्ल्यूबी ०२. या जस्तवाल्या गव्हांच्या पैदाशीत मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय गहू केंद्राने खपलीच्या भाऊबंदांचा आणि त्याच शेळीच्या गवताचा वापर केला आहे. पण हा गहू वेगळा विकत घ्या, वेगळा साठवा, जिथे रक्तक्षय जास्त तिथे पाठवा, आणि पिकवणाऱ्याला क्विंटलमागे चार पैसे जास्त द्या, असे धोरण कुठे आहे? गोदामात सगळा एकाच ढिगात. शास्त्रज्ञाने वीस वर्षे घालवून दाण्यात आणलेले जस्त त्या ढिगात हरवते. आरडाओरडा करायचा तर त्यासाठी करा ना! नऊ जणांनी हात जोडले, त्यांतल्या दोघांना तरी खासदाराला पत्र लिहिता येईल.

भाच्याला मी स्वतंत्र पत्र लिहिले. रागाने नाही. त्याला लिहिले, की बाबा, तू खपली जरूर खा. सातारा-सांगलीकडचे शेतकरी ती पिकवतात, त्यांना दोन पैसे मिळतात, आनंद आहे. पण साध्या गव्हाच्या तिप्पट-चौपट भावाचे पीठ तुला परवडते म्हणून बाकीच्यांच्या गव्हाला विष म्हणू नकोस. त्यांच्याकडे निवड नाही. माणशी ५ किलो जे येते ते येते. त्यात प्रथिने आणि लोह वाढवायचा कोणी प्रयत्न करत असेल तर निदान मधे पाय घालू नकोस.

त्याचे उत्तर आले, "मावशी, मी नीट वाचलं नव्हतं, फक्त पुढे पाठवलं." गटावरचे ते ढकलपत्र त्याने अजून काढलेले नाही. रविवारी येतो म्हणाला आहे. येताना दोन किलो खपली घेऊन ये, असे सांगितले आहे, शेवया करायच्या आहेत.